सात मिनिटांची पाखरे

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी लखनौ शहरात कोणाकडे कामासाठी जाण्यात अर्थ नसतो. यजमान घरी असतात, पण खाली येत नाहीत. ते गच्चीवर असतात. त्या दिवसाला तेथे ‘जमघट’ म्हणतात आणि त्या दिवशी अवघे शहर पतंग उडविते. फिरकी धरून उभा असलेला मुलगा बहुधा मदतनीस असतो. मांजा ज्याच्या बोटांत असतो तो पतंगबाज चाळिशी-पन्नाशीचा, क्वचित साठीचाही असतो. जुन्या चौकातून संध्याकाळी हिंडणाऱ्यास आणखी एक दृश्य दिसते. कोठल्यातरी गच्चीवरून शीळ ऐकू येते, कबुतरांचा थवा एका अंगाने वळतो, दोन-चार घिरट्या घालतो आणि पुन्हा त्याच गच्चीवर उतरतो. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात पतंग आणि कबुतरे यांना काव्य, संगीत आणि पाककला यांच्याच पंक्तीला बसविले आहे. ‘शौक’ या शब्दाला मराठीत थोडा उधळपट्टीचा वास येतो. लखनौत तो येत नाही. तेथे शौक असणे हे माणूस अद्याप जिवंत असल्याचे लक्षण मानले जाते.

असे असूनही एक शौक मात्र लखनौमध्ये काय आणि लातूरमध्ये काय, दबक्या आवाजातच कबूल केला जातो. बँकेच्या शाखेत दुपारी डबे उघडलेले असावेत, गप्पा जुन्या दूरदर्शनवर आलेल्या असाव्यात आणि निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या एखाद्या रोखपालाने सांगावे की, आपण अजूनही लहान मुलांचे एक कार्टून अधूनमधून लावून पाहतो. प्रथम हशा पिकतो. “या वयात कार्टून?” असा प्रश्न येतो. मग कोणते, अशी विचारणा होते. आणि त्याने नाव सांगितले की हसणाऱ्यांपैकीच कोणीतरी त्यातील गाणे गुणगुणू लागतो, दुसरा त्यात सूर मिसळतो, आणि डबे तसेच राहतात.

त्या कार्टूनचे नाव ‘एक अनेक और एकता’. अवधी सुमारे सात मिनिटे. निर्मिती १९७४ ची. फिल्म्स डिव्हिजनने शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रासाठी तयार केलेल्या या लघुपटास सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कारप्राप्त शैक्षणिक चित्रपट आपल्या देशात पुष्कळ झाले आणि त्यांतील बहुतेक कपाटांत गेले. हा एक मात्र गेली पन्नास वर्षे लोकांच्या तोंडी राहिला आहे. ज्यांच्यासाठी तो काढला ती मुले आता आजी-आजोबा झाली आहेत, आणि त्याचे सर्वांत निष्ठावंत प्रेक्षकही तीच आहेत.

लखनौचा या गोष्टीशी संबंध असा की, या पाखरांची चित्रे ज्याने काढली तो चित्रकार या शहरात वाढला.

भीमसैन खुराना यांचा जन्म १९३६ चा, मुलतानचा. फाळणी झाली तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. मुलतान पाकिस्तानात गेले आणि खुराना कुटुंब निर्वासित होऊन लखनौला आले. पश्चिम पंजाब आणि सिंध येथून आलेल्या अशा असंख्य कुटुंबांना त्या वर्षांत लखनौने जागा दिली. मुलतानच्या बोलीत बोलणाऱ्या मुलाने अवधच्या अदबशीर उर्दूत स्वतःचा मार्ग कसा काढला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. येथेच भीमसैन यांनी चित्रकलेचे आणि शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले.

हे दोन्ही शिकण्यास त्या काळी लखनौसारखे शहर नव्हते. शासकीय कलाविद्यालय १९११ पासून चालू होते. संगीताच्या बाबतीत तर मराठी वाचकाला लखनौ परके वाटू नये. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये तेथे मॅरिस कॉलेज स्थापन केले. पुढे त्याला भातखंड्यांचेच नाव मिळाले आणि आता ते विद्यापीठ आहे. त्यांचे शिष्य डॉ. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी कित्येक दशके त्या संस्थेचे प्राचार्यपद सांभाळले. वाळकेश्वरी जन्मलेल्या एका वकिलाने नवाबांच्या शहराला रागांची लिखित पद्धती द्यावी, हा इतिहास लखनौकर आजही आदराने सांगतात.

भीमसैन १९६१ मध्ये मुंबईला आले. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात पार्श्वभूमीची चित्रे रंगविण्याचे काम त्यांना मिळाले. हा विभाग १९५६ च्या सुमारास उभा राहिला तेव्हा डिस्नेच्या स्टुडिओतील क्लेअर वीक्स हे कलावंत तेथील मंडळींना शिकविण्यासाठी आले होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या राम मोहन यांच्याकडून भीमसैन हालत्या चित्रांची कला शिकले. नोकरी सोडून त्यांनी स्वतःचा पहिला लघुपट केला, ‘द क्लाइम्ब’, १९७० साली. एक माणूस डोंगर चढतो, एवढाच त्याचा विषय. १९७१ मध्ये शिकागोच्या चित्रपट महोत्सवात त्याला ‘सिल्व्हर ह्यूगो’ मिळाला.

त्या काळी कार्टून म्हणजे काय प्रकार होता, हे आजच्या संगणकाच्या दिवसांत सांगितल्याविना कळायचे नाही. पडद्यावर एका सेकंदात चित्रफितीच्या चोवीस चौकटी सरकतात. सात मिनिटांचे गणित बँकेच्या वाचकांना अवघड नाही: दहा हजारांहून अधिक चौकटी. एकेक चित्र दोन दोन चौकटींना पुरविले, काही भाग स्थिर ठेवले, तरी हजारो चित्रे उरतात. प्रत्येक चित्र पारदर्शक पत्र्यावर उतरवायचे, मागून रंगवायचे, वाळवायचे, पार्श्वभूमीवर ठेवून कॅमेऱ्याखाली टिपायचे आणि उचलून पुढचे ठेवायचे. पाखराने पंख एकदा वर-खाली केला की कलाकाराचा अर्धा दिवस सरत असे. पैसा थोडा आणि माणसे मोजकी, म्हणून भीमसैन यांच्या रेषेत पसारा नाही. चेहरे साधे, अंगे गोल, पार्श्वभूमी मोकळी. ही काटकसर मुलांना जाणवतही नाही. मोठेपणी ती जाणवते आणि चित्रकाराविषयीचा आदर वाढतो.

लघुपटाचे दिग्दर्शन विजया मुळे यांचे. त्यांचा जन्म १९२१ चा, मुंबईतला. विवाहानंतर त्या पाटण्यास गेल्या. पुढे शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडमध्ये लीड्स येथे शिक्षणशास्त्र शिकल्या आणि केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यात आल्या. चांगला चित्रपट सामान्य माणसापर्यंत पोचावा, यासाठी १९५९ मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजची स्थापना झाली तेव्हा सत्यजित राय यांच्या सहकाऱ्यांत त्या होत्या. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. सरकारी अधिकारी आणि रसिक या दोन भूमिका एका व्यक्तीत सहसा सुखाने नांदत नाहीत. विजयाबाईंच्या ठायी त्या नांदल्या, म्हणूनच ‘राष्ट्रीय एकात्मता’ या जड विषयावर परिपत्रक निघण्याऐवजी पाखरे निघाली.

संगीत वसंत देसाई यांचे. सावंतवाडीच्या परिसरात, सोनवडे गावी जन्मलेले आणि प्रभात, राजकमलच्या चित्रपटांतून नावारूपाला आलेले हे संगीतकार. ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘गुड्डी’ या चित्रपटांतील त्यांच्या प्रार्थना देशभरच्या शाळांतून म्हटल्या गेल्या. हजारो शाळकरी मुलांना एका सुरात गायला लावण्याची किमया त्यांना साधली होती. हे काम त्यांच्या अखेरच्या वर्षांतले. डिसेंबर १९७५ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. गीताचे शब्द पं. विनयचंद्र मौद्गल्य यांचे. दिल्लीचे गांधर्व महाविद्यालय त्यांनी १९३९ मध्ये स्थापन केले, आणि ते पं. विनायकबुवा पटवर्धन यांचे शिष्य, म्हणजे पुन्हा पलुस्करांची, आपल्या मिरज-सांगलीकडची परंपरा. आणि ज्या कोवळ्या आवाजाने हे सगळे घरोघर पोचविले तो होता कोकणातल्या दाभोळच्या साधना घाणेकर या चिमुरडीचा. पुढे साधना सरगम या नावाने तिने अनेक भाषांत गाणी गायिली. पाखरांचे गाणे गायिले तेव्हा तिने बालपणाची पहिली काही वर्षेच ओलांडली होती.

मुलतान, लखनौ, मुंबई, पाटणा, दिल्ली, सोनवडे, दाभोळ. एकतेवरील चित्रपटासाठी याहून समर्पक चमू मुद्दाम शोधूनही सापडला नसता, आणि तो तसा जुळला याकडे त्यावेळी कोणाचे लक्षही गेले नसावे.

लघुपटाचे कथानक वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. बागेत मुले खेळत आहेत. झाडावरच्या फळापर्यंत एकाचा हात पोचत नाही. सगळे मिळून ते काढतात. लहानगा ताईला विचारतो, एक म्हणजे काय, अनेक म्हणजे काय. ताई आकाशापासून सुरुवात करते. मग फुलपाखरू, खार, पाखरू असे दाखले देते आणि पाखरांच्या गोष्टीत शिरते. दाणे टिपायला उतरलेला थवा शिकाऱ्याच्या जाळ्यात सापडतो, सगळी मिळून जाळ्यासकट उडतात, आणि दूरवर राहणारे उंदीर जाळे कुरतडून त्यांना सोडवितात. ही कथा पंचतंत्रातली आणि हितोपदेशातली. मूळ कथेत कबुतरांचा राजा चित्रग्रीव आणि त्याचा मित्र हिरण्यक उंदीर आहेत.

लहानपणी हे पाहताना थरार असतो तो उड्डाणाचा. जाळे जमिनीवरून सुटते त्या क्षणी आजही अंगावर शहारा येतो, असे चाहते सांगतात. पण वय झाल्यावर त्याच सात मिनिटांत वेगळ्या गोष्टी दिसू लागतात. एक म्हणजे, मूळ कथेतला राजा येथे नाही. आज्ञा देणारा चित्रग्रीव वगळलेला आहे. थव्यातच एक चतुर पाखरू आहे, ते आपले म्हणणे मांडते आणि बाकीची ते ऐकतात, इतकेच. लोकशाहीतील मुलांसाठी गोष्ट सांगताना केलेला हा लहानसा बदल. नागरिकशास्त्राच्या एका धड्याइतके त्याचे मोल आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. एकीच्या बळावर पाखरे उडतात, पण जाळ्यासकट उडतात. एकीने जाळे तुटत नाही. ते तुटते उंदरांच्या दातांनी, म्हणजे ज्यांना पंखच नाहीत, ज्यांची जात, वस्ती, खाणे, सगळेच निराळे आहे, त्यांच्या मैत्रीने. ‘एकी हेच बळ’ हे वाक्य शाळेच्या भिंतीवर रंगवून मोकळे होणाऱ्यांनी गोष्टीचा हा उत्तरार्ध बहुधा वाचलेला नसतो. आणि ही चित्रे रेखाटणारा माणूस स्वतः एका तुटलेल्या प्रदेशातून, आपले गाव मागे ठेवून, परक्या शहरात आलेला होता, आणि त्या शहराने त्याला कुंचला आणि सूर दिला होता, हे एकदा कळले की उंदरांचा प्रसंग पूर्वीसारखा पाहता येत नाही. सहा वर्षांच्या मुलाला यातले काही सांगण्याची गरज नाही. छप्पन्न वर्षांच्या माणसाने मात्र ते पाहण्यासाठी पुन्हा कार्टून लावले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

आणखी एक गंमत आहे, ती केवळ जुन्या प्रेक्षकांच्या वाट्याची. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये आणि लखनौ दूरदर्शन १९७५ मध्ये सुरू झाले, पण आपल्याकडे दूरचित्रवाणीला रंग आला १९८२ मध्ये, आणि घरोघरी रंगीत संच येण्यास त्यानंतरही बरीच वर्षे गेली. लघुपट मुळात रंगीत होता. त्यातील फुलांचा भाग तर रंगांच्या वेगळेपणावरच आधारलेला आहे. तरीही एका संपूर्ण पिढीने ती फुले करड्या छटांत पाहिली, शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात, सतरंजीवर दाटीवाटीने बसून, अँटेना फिरविणाऱ्याला खिडकीतून सूचना देत. दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत किंवा रविवारी सकाळी तो अवचित लागे. वेळापत्रक नसल्यामुळे त्याची वाट पाहता येत नसे आणि लागला की स्वयंपाकघरातूनही धावत यावे लागे. पुढे कित्येक वर्षांनी, भ्रमणध्वनीच्या हातभर अंतरावरील पडद्यावर त्यांनी ती फुले प्रथमच रंगीत पाहिली. बालपणीच्या आठवणीत नसलेली वस्तू बालपणातच सापडावी, असा हा अनुभव आहे.

भीमसैन यांनी पुढे लहानांची आणि मोठ्यांची, दोन्ही कामे केली. बँकेच्या ग्राहकांना त्यांचा एक चित्रपट विशेष जवळचा वाटावा. १९७७ चा ‘घरौंदा’. एकाच कचेरीत काम करणारे दोघे लग्नाआधी मुंबईत घर घेण्यासाठी पै पै साठवितात आणि घर बांधणारा पैसे घेऊन नाहीसा होतो. कथा डॉ. शंकर शेष यांची, संगीत जयदेव यांचे. नायक अमोल पालेकर; अभिनयाकडे पूर्णपणे वळण्यापूर्वी ते स्वतः बँकेत नोकरीला होते. आणि प्रौढ मालकाच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. गृहकर्ज सहज मिळत नसे त्या काळचे हे मध्यमवर्गाचे दुःख आहे, आणि घराचे पैसे भरताना कागदपत्रे तपासून घ्यावीत हे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा तो चित्रपट अधिक परिणामकारकपणे सांगतो. ज्याने घर गमावलेले पाहिले होते, त्याच दिग्दर्शकाने घर न मिळणाऱ्यांची ही गोष्ट सांगितली.

मुलांच्या चित्रांवर प्रेम करणारे प्रौढ केवळ या एका लघुपटाचे नाहीत, हे अलीकडे व्यापाऱ्यांच्याही ध्यानात आले आहे. ‘टिनटिन’ साप्ताहिक फार पूर्वीच स्वतःला सात ते सत्त्याहत्तर वयाच्या तरुणांचे नियतकालिक म्हणवीत असे. आपल्याकडे १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या जपानी ‘जंगल बुक’साठी गुलजार आणि विशाल भारद्वाज यांनी शीर्षकगीत केले होते आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. २०१६ मध्ये त्याच कथेवर हॉलिवूडचा नवा चित्रपट आला, तेव्हा हिंदी आवृत्तीच्या प्रसिद्धीसाठी तेच गीत पुन्हा करण्यात आले आणि शेरखान पुन्हा नानांच्याच आवाजात गुरगुरला. हे काही सात वर्षांच्या मुलांच्या मागणीवरून झालेले नव्हते. तिकिटांचे पैसे ज्यांच्या खिशात होते त्यांच्या आठवणींना ती साद होती. युगो साको, कोइची सासाकी आणि भीमसैन यांचे गुरू राम मोहन यांनी दिग्दर्शित केलेला भारत-जपान ‘रामायण’ तर नव्वदच्या दशकाच्या आरंभी पूर्ण होऊनही येथे चित्रपटगृहांपर्यंत नीट पोचला नव्हता. दूरचित्रवाणीवर तो पाहून मोठ्या झालेल्यांनी त्याची आठवण जागती ठेवली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो देशभर मोठ्या पडद्यावर लागला.

पाखरांच्या लघुपटाला असे भाग्य लाभलेले नाही. सात मिनिटांसाठी कोणी तिकीट काढीत नाही. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. भीमसैन यांचे एप्रिल २०१८ मध्ये निधन झाले. मे २०१९ मध्ये विजयाबाई गेल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राम मोहन. वृत्तपत्रांतून त्यांच्याविषयी जे मृत्युलेख आले, त्यांत मोठमोठ्या पुरस्कारांच्या याद्या होत्या. वाचणाऱ्यांना मात्र भीमसैन आणि विजयाबाई यांची ओळख पटली ती पाखरांवरून.

जमघटाच्या दिवशी लखनौमध्ये अंधार पडला की पतंग उतरविले जातात. बोटे मांज्याने कापलेली असतात, गच्चीवर चहा येतो, आणि थकलेली नातवंडे आजोबांच्या हातातील भ्रमणध्वनीकडे वळतात. आजोबांचे काय लावायचे ते ठरलेले असते. मुले प्रथम कुरकुर करतात, कारण हे चित्र त्यांच्या सवयीच्या मानाने संथ आहे. जाळे उचलले जाते तेव्हा गप्प होतात. मग कोणीतरी विचारते की, पाखरे पुन्हा दाणे टिपायला गेली तर? आणि उंदीर त्या दिवशी घरी नसते तर? आजोबा चष्मा सारखा करतात, बोटाने चित्र मागे नेतात, आणि बागेतली मुले पुन्हा खेळू लागतात.